तेल कुठून येते?

‘निदान’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. एक वैद्यकातला, रोगाचे कारण ओळखणे हा. दुसरा रोजच्या बोलण्यातला, ‘कमीत कमी’ हा. आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या व्यवसायात पहिल्या अर्थाची मोठी चलती आहे. कवितेचे, कालखंडाचे, प्रसंगी सबंध समाजाचे निदान एका तासिकेत करता येते. पण असे निदान करण्यापूर्वी निदान काय काय पाहिले पाहिजे, याचा एक उत्तम पाठ आम्हां दोघांना मालवणच्या किनाऱ्यावर, होडीच्या यंत्रापाशी मिळाला.

यंत्र आउटबोर्ड जातीचे, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली गिअरची पेटी आणि पंखा. जन्माने नॉर्वेजियन असलेल्या ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशी यंत्रे विकावयास सुरुवात केली. आज कोकण, गोवा, केरळ या साऱ्या किनाऱ्यावर लहान होड्यांची भिस्त त्यांच्यावरच असते. किनाऱ्यावर त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी असे रॉकेलवर चालणारे टू-स्ट्रोक मशीन आहे. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ संपला, नारळी पौर्णिमा झाली, आणि मशीन बाहेर काढले तर दोन तक्रारी दिसल्या. दोरी ओढून ओढून खांदे भरून आले तरी ते सुरू होईना. आणि पंख्याखालच्या फरशीवर काळ्या तेलाचा डाग पडलेला. शहरातल्या एका दुकानदाराने मशीन न उघडताच निर्णय दिला : आतली सीले गेली, म्हणून तेल गळते, सीले गेली म्हणून दाब राहत नाही, आणि दाब नाही म्हणून ते सुरू होत नाही. सबंध इंजिन उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात दागिने गहाण टाकण्याची बोलणी सुरू झाली. मुलगा एम.ए.चे दुसरे वर्ष सोडून कामाला लागण्याच्या विचारात होता. त्याची समजूत घालायला म्हणून आम्ही गेलो, त्याच दुपारी गावातले वयस्कर मेस्त्री तिथे आले होते.

दुकानदाराचा निर्णय आम्ही त्यांना ऐकवला. ते म्हणाले, “सरांनू, त्याल खंयसून येता तां आधी बघूया. काय बिघडला तां मगे.”

त्यांनी प्रथम सारे मशीन फडक्याने कोरडे पुसले. तेल खाली ओघळते, त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथे उगम असेलच असे नाही. वरचा पहिला ओला बिंदू शोधावा लागतो. मग त्यांनी विचारले, हे तेल कोणते? टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचा वेगळा साठा तळाशी नसतो. ते इंधनात मिसळलेले असते आणि त्याच्याबरोबर जळते. या मशीनचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सुटतो. न जळालेले थोडे तेल तिथेच साठते आणि मशीन उभे ठेवले की ठिबकते. फरशीवरचा काळा डाग त्याचाच होता. ज्याने घराची झोप उडवली, तो मुळात बिघाड नव्हताच.

खरा बिघाड कुणाला दिसलाच नव्हता. गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू सैल करताच आधी थोडे पाणी आले, कारण पाणी तेलाहून जड. मागोमाग आले ते चहात दूध घातल्यासारखे गढूळ तेल. पंखा काढल्यावर दांड्याभोवती जाळ्याचा नायलॉन धागा आवळून बसलेला आढळला. त्याने सील कापले होते. असेच चालवले असते तर बेअरिंगे गंजली असती, गिअर झिजले असते आणि एखाद्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, लाटा उसळत असताना, पंखा फिरायचा थांबला असता. इलाज मात्र लहान होता : नवे सील, स्क्रूंना नवे वायसर, आणि खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलेले ताजे तेल.

सुरू न होण्याचा या दोहोंशी संबंध नव्हता. प्लग काढला तो ओला होता आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. इंधन पोहोचत होते, पेट घेत नव्हते. रॉकेलची थंडपणी सहज वाफ होत नाही. म्हणून असे मशीन पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणतात. मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीनंतर ते रॉकेलवरच बंद झाले होते. कार्बोरेटर रिकामा केला, प्लग पुसून वाळवला, पेट्रोल दिले. चौथ्या ओढीला मशीन बोलू लागले.

दुकानदाराच्या निर्णयात आणि मेस्त्रींच्या तपासात जो फरक आहे, त्यावर आम्ही पुढे बराच विचार केला. दुकानदाराची गोष्ट रचनेच्या दृष्टीने अधिक चांगली होती. एक कारण, त्यातून निघालेली दोन लक्षणे, कुठे सुटा धागा नाही. साहित्यकृतीत आम्ही जिला सेंद्रिय एकात्मता म्हणून गौरवतो, ती तिच्यात होती. मेस्त्रींच्या हाती आले ते विस्कळीत : एक निरुपद्रवी डाग, एक लपलेली जखम, एक वापरातली हयगय. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण उलट अग्नीवरून धुराचे करता येत नाही, कारण त्यासाठी इंधन ओले असावे लागते, हा न्यायशास्त्रातला धडा आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. तेल दिसले म्हणजे गळती, या अनुमानातही अशीच एक उपाधी लपलेली होती.

दोन लक्षणे कधीच एका कारणाची नसतात, असाही याचा अर्थ नाही. फोर-स्ट्रोक यंत्राच्या तळाशी तेलाचा साठा असतो. ते चुकीच्या कुशीवर आडवे ठेवले, तर तेल सिलिंडरात शिरते. प्लग माखतात, यंत्र सुरू होत नाही, आणि झाले तर पांढरा धूर सोडते. तिथे तेल आणि अडून बसणे यांचे मूळ एकच. एकात्मता असते किंवा नसते, ते आधी ठरवता येत नाही एवढेच.

कवीच्या आयुष्यातले दुःख आणि कवितेतले दुःख शेजारी दिसले की आपण त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालतो. वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी आणि त्याचे कमी गुण शेजारी दिसले की तिथेही तोच ‘म्हणून’ येतो. त्या एका अव्ययाची किंमत कधी दागिन्यांत, कधी एखाद्याच्या शिक्षणाच्या वर्षांत मोजली जाते. ते लिहिण्यापूर्वी यंत्र कोरडे पुसून घ्यावे, आणि हे तेल नेमके कोणते, एवढे निदान विचारावे.