पाणी अडते तिथे एक रात्र

बाजरीची काढणी तोंडावर असताना शाळेचे स्काऊट पथक शिबिराला निघाले, की घरोघरी कुरकुर होते. तरीही मुलाला पाठवा. का, ते सांगतो.

प्रवरा कालव्याखालच्या एका शाळेचे पथक नुकतेच शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जाऊन आले. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आहे. धरण १९२६ साली पूर्ण झाले. मुलांनी काठापासून दूर, उंचवट्यावर तंबू ठोकले. स्वयंपाकाचे पाणी बादल्यांनी चढावरून आणले. पहिल्या खेपेला निम्मे सांडले, तिसऱ्या खेपेला थेंबही नाही.

रविवारी रतनवाडीचे अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर पाहिले. तिथे मुलांना एक गोष्ट नव्यानेच कळली. या भागात पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात वरच्या पाड्यांतील बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. आणि खाली आपल्या उसात हेच पाणी रात्री बांध ओलांडून जाते!

थंडीत हे पथक बारी गावातून १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर चढणार आहे. त्याआधी गाठी मारणे, प्रथमोपचार, नकाशा वाचणे यांचा सराव होईल. शाळेत गाईड पथक असेल तर मुलीलाही पाठवा. बरोबर घोंगडी, विजेरी आणि भाकरी-चटणी द्या.

परत आल्यावर पोर विचारील, "आपले पाणी बांधावरून का जाते?" रागावू नका. त्याच्या हाती खोरे द्या आणि दारे धरायला बरोबर न्या.