स्वारी फिरतीवर

१९५४ साली आयबीएम ६५० हा संगणक गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला, तेव्हा त्याच्या पोटात ही स्वारी होती. चार इंच व्यास, सोळा इंच लांबी, अंगावर चुंबकी मुलामा. नाव मॅग्नेटिक ड्रम. अंगकाठी किरकोळ, पण मिनिटाला १२,५०० फेऱ्या! म्हणजे त्याची कड ताशी सुमारे २४० किलोमीटरने पळायची. वाचणारी-लिहिणारी हेड्स जागच्या जागी, अंगाला न टेकता बसलेली. धावाधाव सगळी ह्याची.

स्मरणशक्ती बेताची. दोन हजार शब्द, आणि शब्द म्हणजे दहा आकडे व एक चिन्ह. मात्र एकदा टिपून घेतलेलं वीज गेली तरी विसरायचं नाही, हा मोठा गुण.

खोड एकच : कुणासाठी थांबणं ठाऊक नाही. एक सूचना वाचून बेरीज उरकेपर्यंत ड्रम पुढे सरकलेला असे. पुढची सूचना अगदी शेजारच्या घरात ठेवली असेल, तर ती हेडखालून केव्हाच निघून गेलेली. रहाटाचं गाडगं हातचं सुटलं की पुन्हा वर येईपर्यंत वाट बघायची, तसाच हा मामला. पूर्ण फेरीला ४.८ मिलिसेकंद लागत. ऐकायला काहीच नाही. पण हजारो सूचनांमागे एकेक फेरी फुकट गेली, की कामाचा वेळ कित्येक पटींनी वाढायचा.

म्हणून ६५०च्या प्रत्येक सूचनेत पुढच्या सूचनेचा पत्ताही लिहिलेला असे. प्रोग्रॅमर दोन हजार घरांचा तक्ता समोर घ्यायचा, भरलेली घरं खोडायचा आणि हिशेब करायचा : ही बेरीज संपेल तेव्हा हेडखाली कोणतं घर असेल? तिथेच पुढची सूचना. ते घर आधीच भरलेलं निघालं, की त्याच्या पुढचं रिकामं शोधा. हा ताप पुढे ‘सोप’ नावाच्या प्रोग्रॅमने अंगावर घेतला.

ह्याच जातकुळीचा एक ड्रम आपल्याकडेही नांदला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ साली आलेला हेक-२एम हा भारतातला पहिला डिजिटल संगणक. त्याच्या ड्रमवर १०२४ शब्द मावत.

पुढे कोअर मेमरी आली. तिथे कोणतंही घर गाठायला सारखाच वेळ, त्यामुळे मुहूर्त बघायची गरज सरली. ड्रमची मुख्य स्मृतीची गादी गेली.

पण छळणाऱ्यावरही जीव जडतो. क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड कनुथ नावाचा विद्यार्थी ६५०वरच प्रोग्रॅमिंग शिकला. त्याच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ साली निघाला. अर्पणपत्रिकेचा मान आई-वडिलांना नाही, गुरूला नाही. केसमधल्या त्या ६५०ला.