हातचा एक

केळापूरच्या आमच्या घरात सख्खी-चुलत मिळून आम्ही सात भावंडं, आणि सातांतल्या पाच जणांचं गणित 'हातच्या'पाशी अडलेलं. १९८०च्या दशकातली गोष्ट. पहाडे सगळ्यांचे तोंडपाठ. पण आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक. तो एक येतो कुठून आणि राहतो कोणाच्या हातात, ते पाटीवर दिसत नसे.

दाखवलं आजीनं. ती शाळेत कधी गेली नव्हती. ओसरीवर तिनं तुराटीच्या काड्या मोडून पसरल्या. "दहा झाल्या का जुडी बांध, अन् दे दादाच्या हातात." सुतळीची जुडी दादाच्या मुठीत गेली, आणि हातचा आम्हाला दिसला. वजाबाकीत काड्या कमी पडल्या की दादाकडून जुडी मागायची, सोडायची, मग मोजायची. दादा ती सहजासहजी देत नसे, म्हणून उसनं घेतलेलं आम्ही कधी विसरलो नाही.

पावसाळ्यात खडूनं पंचवीस घरांचा अष्टाचंगा. चार फोडलेले चिंचोके उताणे पडले तर चार, सगळे पालथे पडले तर आठ. धाकटी तर सोंगटी मारायला किती हवेत ते आधीच मनात ठरवून चिंचोके टाकायची. चौकोन आम्ही पाच पैशांच्या नाण्यावरून ओळखला, षटकोन वीस पैशांच्या. वेचणीच्या दिवसांत मोठेबाबा काट्यापाशी आम्हाला बसवत आणि वेचाईचा हिशेब आमच्याकडून दोनदा करून घेत. चूक झाली तर एखाद्या बाईची मजुरी बुडेल, ही धास्ती कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठी होती.

वहिनी आता तालुक्यातल्याच एका कोलाम पोडावर शिकवते. घरात कोलामी बोलणाऱ्या पोरांना 'एकवीस', 'एकोणतीस' हे शब्द आधी परके, संख्या नंतर. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक'ही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी बदलामागचं कारण शांतपणे मांडलं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं. आजीच्या ओसरीवर दोन जुड्या आणि एक सुटी काडी असायची. ती वीस एकच होती.

गेल्या दिवाळीत वहिनीनं शाळेतली शंभर मण्यांची माळ आणली. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. नातवंडं मोजायला बसली. साठी गाठलेला दादा बराच वेळ नुसता बघत होता. मग त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "दहा झाले ना? आणा इकडं."