पत आणि परवाना

व्यापारी घरातील मुलाने बांधकामाचा ठेका घ्यायचे मनात आणले, की वडीलधारी मंडळी प्रथम भांडवलाचा विचार करतात. वालचंद हिराचंद यांच्यापाशी भांडवल होते. १८८२ मध्ये सोलापुरात, सावकारी व कापसाचा व्यापार करणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरीही ठेकेदारीत उतरताना त्यांनी रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार केले. एकाची पत, दुसऱ्याची कामाची जाण. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून निघालेली ही वाट पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत गेली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा साखर उद्योगही वालचंदांनीच उभारला.

आज नाशिकमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे काम घ्यायचे, तर ठेकेदार म्हणून वर्गवार नोंदणी करावी लागते. पॅन आणि जीएसटीची कागदपत्रे लवकर जमतात. बँकेचे सॉल्व्हन्सी प्रमाणपत्र घराच्या पतीवर मिळते. वरच्या वर्गासाठी लागणारा पूर्ण केलेल्या कामांचा दाखला मात्र वारशाने मिळत नाही. येथेच नवखा दुसऱ्याच्या नोंदणीवर काम करण्याच्या मोहात पडतो. त्यात कष्ट आपले, पण बिल आणि दाखला दुसऱ्याच्या नावावर. शिवाय तो व्यवहार चोपडीत खरेपणाने लिहिता येत नाही.

त्यापेक्षा जाणकार अभियंत्यास भागीदार करून खालच्या वर्गापासून आरंभ करावा. पहिले काम लहान असले, तरी त्याचा दाखला स्वतःच्या नावाचा असतो. पुढची पत त्यावरच उभी राहते.