आजचा खेळ आणि उद्याचा खेळाडू

मूल मैदानावर दोन चकरा धावलं, चेंडूला चार लाथा मारल्या, की त्याचं पुढे काय होणार हे मी सांगून मोकळा व्हायचो. पिंपळगाव राजात मी शाळकरी मुलांना खेळवतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल हे आधीपासूनच होतं, २०१७ पासून त्यात फुटबॉल आला. आपल्याला खेळाडू पारखता येतो, अशी माझी पक्की समजूत होती. ती खोटी ठरली. नुसते अंदाज चुकले असते तर लिहायचं कारण नव्हतं. पण त्या अंदाजांवर मी काही मुलांना संघात घेतलं आणि काहींना घरी पाठवलं.

खामगाव तालुक्यातल्या आमच्या भागात फुटबॉल कधी रुजलेला नव्हता. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरणार होता, त्याच्या आधी राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम काढला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी ती कल्पना. सप्टेंबरातली काळी माती, पायाला चिकटणारा चिखल, गोलच्या खांबांच्या जागी बांबू, आणि एका चेंडूमागे धावणारा सगळा वर्ग. मुलांना खेळ आवडला. मग ६ ऑक्टोबरला दिल्लीत भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला, तो मी टीव्हीसमोर वही घेऊन पाहिला. अमेरिका ३-० ने जिंकली. जोश सार्जंटने पेनल्टीवर पहिला गोल केला, दुसरा ख्रिस डर्किनचा, तिसरा अँड्र्यू कार्लटनचा.

त्या संघातला कोण पुढे जाणार, हे मी त्या रात्री वहीत लिहून टाकलं. सगळ्यात वर कार्लटनचं नाव. चेंडू पायाशी ठेवून धावण्याची त्याची ढब, शेवटच्या मिनिटांत एकटा पुढे निघून त्याने केलेला गोल, एवढ्यावर मी त्याचं भविष्य ठरवलं. अमेरिकेतही त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या; अटलांटा युनायटेड हा क्लब पहिला सामना खेळण्याआधीच त्याने २०१६ मध्ये क्लबशी करार केला होता. पण मुख्य संघात त्याला फार थोडे सामने मिळाले आणि पुढे तो खालच्या स्तरावरच्या क्लबांकडे गेला. टिमोथी वेआने १६ ऑक्टोबरला पॅराग्वेविरुद्ध तीन गोल ठोकले, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तेही जास्त करून वडिलांमुळे. १९९५ साली युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या जॉर्ज वेआचा तो मुलगा. त्याच संघात सर्जिनो डेस्ट नावाचा बचावपटू होता. त्याच्याबद्दल माझ्या वहीत एक शब्दही नव्हता.

पाच वर्षांनी, कतारच्या विश्वचषकात, अमेरिकेचा वेल्सविरुद्धचा एकमेव गोल वेआने केला. इराणविरुद्ध जिंकणं भाग होतं, तेव्हा डेस्टने उंचावरून आलेला चेंडू डोक्याने गोलसमोर वळवला आणि क्रिस्तियन पुलिसिकने तो आत ढकलला. डेस्ट तोवर आयाक्सकडून बार्सिलोनापर्यंत पोचून आला होता. मी ती जुनी वही काढली आणि मग या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या. २०१७ च्या त्या स्पर्धेला १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं पात्र होती. डर्किन, सार्जंट आणि वेआ हे तिघेही २००० च्या फेब्रुवारीतले. डेस्ट ३ नोव्हेंबरचा. सतराव्या वर्षाच्या आतबाहेर नऊ महिन्यांचं अंतर म्हणजे उंची, छाती, वेग, सगळ्यातच अंतर. मी त्या रात्री जे पाहिलं, त्यात खेळाइतकंच वयही होतं.

इथेच मला माझी शाळेतली निवड आठवली आणि मी अस्वस्थ झालो. १४ वर्षांखालच्या संघासाठी मी काय करत होतो? मुलांना एकदा पळवायचं, एकदा लांब किक मारायला लावायची आणि वरून अकरा-बारा धिप्पाड मुलं उचलायची. ज्याला मिसरूड फुटली, तो माझा सेंटर फॉरवर्ड. तालुक्याच्या सामन्यात तो एकटा चारचौघांना रेटून गोल करायचा आणि मी खूश व्हायचो. पण अकरावीला येईपर्यंत बाकीची मुलं त्याच्या खांद्याला लागली. रेटून जाण्यापलीकडे मी त्याला काही शिकवलंच नव्हतं. गोल होईनात, तसा तो मैदानावर यायचा थांबला.

दुसरा मुलगा आठवीतला, अंगाने लहानखुरा. त्याची एक गोष्ट मी तेव्हाच टिपली होती. चेंडू त्याच्याकडे येत असताना तो आधी मान वळवून मागे बघायचा, मग दुसऱ्या बाजूला बघायचा, आणि चेंडू पायाला लागायच्या आत कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. ही सवय मी कुणाला शिकवली नव्हती. मला ती दिसली, आणि तरीही मी त्याला घेतलं नाही, कारण धक्का बसला की तो पडायचा. यादी लागली तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, मले काहून नाही घेतलं?’’ मी म्हणालो, ‘‘पुढच्या वर्षी ये.’’ पुढच्या वर्षी तो आला नाही.

आमच्याकडे जन्मतारखेचा आणखी एक घोळ आहे, तो खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. दाखल-खारीज रजिस्टर उघडलं की पानोपानी १ जून ही तारीख दिसते. शाळेत नाव घालताना जी सोयीची, ती तारीख. कागदावर सारखी वाटणारी दोन मुलं खरोखर वर्षभराच्या अंतराची असू शकतात. आता मी पालकांना विचारतो, पोरगं पोळ्याच्या आधीचं की दिवाळीनंतरचं? आई बरोबर सांगते. एवढा एक प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

माझी दुसरी चूक त्याहून साधी आणि जास्त लाजिरवाणी. नोव्हेंबरच्या सरावात एक मुलगा सारखा मागे पडत होता. मी वहीत लिहिलं, ‘दम नाही.’ एकदा पाणी पिताना त्याचे हात दिसले. बोटांच्या टोकांना ओरखडे, नखांच्या कडेला वाळलेलं रक्त. कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोकं लागून होतात ते. शाळेच्या आधी तो घरच्यांबरोबर वेचणीला जात होता आणि संध्याकाळी माझ्यासमोर धावत होता. त्याच्यात दम माझ्या संघातल्या कुणाहीपेक्षा जास्त होता. आजचा खेळ पाहताना आज सकाळी त्या मुलाने काय केलं, हे माहीत नसेल तर आपण खेळ पाहिलाच नाही.

तिसरी चूक निकालाची. तालुक्याला पहिल्याच फेरीत हरलो की मी पुढच्या वर्षी अख्खा संघ बदलायचो. हरलेल्या संघात खेळाडू नसतो, असं मी धरून चाललो होतो. अमेरिकेचीच गोष्ट पाहा. चिलीत २०१५ साली झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. गटातूनच ते बाहेर पडले. पण त्या हरलेल्या संघात पुलिसिक होता, टायलर ॲडम्स होता, हाजी राइट होता. कतारमध्ये ॲडम्स अमेरिकेचा कर्णधार होता. पुलिसिक आणि राइट यांनी तिथे गोल केले. याउलट फ्रेडी अडू. चौदाव्या वर्षी, २००४ मध्ये, तो अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि लोकांनी त्याची पेलेशी तुलना केली. पुढे तो देशोदेशीचे क्लब बदलत राहिला. अपेक्षेएवढा कधीच झाला नाही. जिथे लाखो डॉलर, डॉक्टर, प्रशिक्षक आणि प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण हाताशी असतं, तिथेही चौदाव्या वर्षी केलेली भाकितं अशी कोलमडतात. मी मात्र एका संध्याकाळच्या चाचणीवर भाकीत करत होतो.

चौथी चूक मुलींच्या बाबतीत झाली. १५ सप्टेंबरच्या त्या दिवशी मुलीही खेळल्या होत्या, हौसेने खेळल्या होत्या. त्यानंतर मी संघ बांधला तो फक्त मुलांचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींना ८-० ने हरवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आपल्या मुलींचं हे काम नाही. तो निवाडा अज्ञानातून आलेला होता. शाळा-कॉलेजांतल्या खेळात मुलींना डावलता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ सालीच झाला. पिढ्यान्‌पिढ्या मैदान मिळालेल्या मुली आणि जेमतेम संधी मिळालेल्या मुली त्या दिवशी समोरासमोर होत्या. ८-० हा आकडा संधीतलं अंतर सांगत होता, आणि मी तो कुवतीचा आकडा समजलो. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया चषक गाठला. माझ्या मैदानाने वाया घालवलेली वर्षं मला त्या दिवशी टोचली.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मुलाचा आजचा फॉर्म आणि त्याच्या पुढच्या वाटचालीचा वाव, या दोन गोष्टी मी एकाच मापाने मोजल्या. आमच्या शेतात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असते. सोयाबीन शंभर दिवसांत काढणीला येतं, तेव्हा तूर अजून शेंगेवरही आलेली नसते. ती वाया गेली असं तेव्हा कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याला जे कळतं, ते मला मैदानावर कळलं नव्हतं.

आता वहीत प्रत्येक मुलाचं पान दोन भागांत आहे. एका बाजूला आजचा खेळ लिहितो, तोही निरनिराळ्या सामन्यांत पाहून. दुसऱ्या बाजूला वाव: चेंडू यायच्या आधी तो आजूबाजूला बघतो का, चेंडू गमावल्यावर उभा राहतो की परत धावतो, सांगितलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात त्याच्या पायात दिसते का, वर्षाच्या कोणत्या टोकाला जन्मला, घरचं काम किती. वजन-उंचीने जवळ असलेल्या मुलांचे वेगळे सामनेही लावतो, म्हणजे लहानखुऱ्या मुलाची समज धक्क्याखाली दबत नाही. मुलींचा सराव मुलांच्या बरोबरीने, त्याच वेळेला, त्याच मैदानावर होतो. तरीही माझे अंदाज चुकतात. फरक एवढाच, की चुकीच्या अंदाजापायी आता कुणाचं खेळणं बंद होत नाही.

खेड्यापाड्यांतल्या क्रीडाशिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. संघात जागा अकराच असतात, यादीत सगळ्यांची नावं बसणार नाहीत, हे खरं. पण यादीबाहेर राहिलेल्या मुलाला ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणून वाटेला लावू नका. उद्याच्या सरावाला बोलवा. तो आला नाही, तर त्याच्या घरी जा.