'ताबा' आणि 'नंतर'

घराचा ताबा, जमिनीचा ताबा, आणि न्यायालयीन मराठीत मुलाचाही ताबा! 'संगोपन' हा शब्द हाताशी असताना मूल मिळकतीच्या रांगेत बसावे, हे भाषा शिकवणाऱ्या आम्हांस खटकते.

१९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याचे सहावे कलम पाहा. नैसर्गिक पालक वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. कादंबरीकार गीता हरिहरन ह्यांनी मुलाच्या नावे रोखे घेऊ म्हटले, तर रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १९९९ मध्ये 'नंतर' म्हणजे 'मृत्यूनंतरच' नव्हे, 'अनुपस्थितीत' असाही, हा अर्थ लागला. एका शब्दयोगी अव्ययाने आईला त्रेचाळीस वर्षे दाराबाहेर उभे करावे! (व्याकरण रुक्ष म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण आवर्जून देतो.)

मुलाचे हित सर्वोपरी, असे कायदा म्हणतो खरा. पण ते हित मुलाशी बोलल्यावाचून कसे कळावे? कौटुंबिक न्यायालयांना समुपदेशक पुरवणे हे १९८४ च्या कायद्याने राज्यशासनाचे काम ठरवले. त्यावरचा खर्च आम्हांस सर्वांत सार्थ वाटतो. आमची एक विद्यार्थिनी लहानपणी अशा समुपदेशक बाईंसमोर बसली होती. बाईंनी प्रथम तिच्या मांजरीचे नाव विचारले. आई हवी की बाबा, हे नंतर.