जन्माचा दाखला आणि न्यायाधीशाचा पक्ष

अमेरिकेतील सामान्य नागरिक राजकारणावर वाद घालतात तेव्हा तो वाद बऱ्याचदा एखाद्या निकालापाशी येऊन थांबतो, कारण तेथील केंद्रीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट तिला मान्यता देते आणि असा न्यायाधीश तहहयात पदावर राहू शकतो. त्यामुळे चार वर्षांसाठी निवडून आलेल्या व्यक्तीची पसंती पुढील कित्येक दशकांच्या निकालांत दिसत राहते. वृत्तपत्रे न्यायाधीशाच्या नावासोबत त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचेही नाव देतात, आणि वाचकाची नजर निकालाच्या कारणांआधी त्या नावाकडे जाते. २०२५ साली जन्मसिद्ध नागरिकत्वावरून जो वाद पेटला, त्यात ही सवय किती हाडीमासी खिळली आहे ते दिसले, आणि प्रयत्न केल्यास ती बाजूला ठेवता येते हेही दिसले.

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी या विषयावरील कार्यकारी आदेशावर, म्हणजे कायदेमंडळाकडे न जाता सरकारी खात्यांना द्यावयाच्या हुकुमावर, सही केली. आई देशात बेकायदा राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या परवान्यावर असेल, आणि वडील नागरिक अथवा ग्रीनकार्डधारक, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेले, नसतील, तर ३० दिवसांनंतर अमेरिकेत जन्मणाऱ्या त्यांच्या मुलाला नागरिक मानू नये, असे त्यात म्हटले होते. या वादाची झळ मराठी घरांना लागली ती ‘तात्पुरत्या’ या शब्दामुळे. एच-१बी हा नोकरीचा परवाना तीन वर्षांचा असतो आणि साधारणपणे सहा वर्षांपर्यंत वाढतो. परंतु नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक येत नसल्याने भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते, आणि रांगेतील माणसाचा परवाना पुन्हा पुन्हा वाढवून मिळतो. न्यू जर्सीतील एडिसन परिसरात घर घेतलेले, कर भरणारे, थोरल्या मुलाला शाळेत घातलेले जोडपे कागदोपत्री तात्पुरतेच राहते.

प्रस्तुत लेखिकेने हा वाद मध्य न्यू जर्सीतील एका सार्वजनिक वाचनालयात भरणाऱ्या चर्चागटात बसून ऐकला आणि काही प्रमाणात घातलाही. गटाचा नियम साधा होता: ज्या निकालावर बोलायचे, त्याची छापील प्रत समोर असली पाहिजे. लांब टेबलाच्या एका टोकाला इटालियन वंशाचे, रिपब्लिकन पक्षाला मत देणारे निवृत्त बांधकाम कंत्राटदार बसत, त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या शाळाशिक्षिका. रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात जन्मनोंदणीचे काम केलेल्या एक निवृत्त बाई, नागरिकत्व मिळालेले एक मराठी अभियंता, आणि एच-१बीवर काम करणारी, दुसऱ्यांदा गरोदर असलेली एक मराठी तरुणी. मतदानाचा हक्क तिला सोडून इतर सर्वांना होता, ही बाब चर्चेत क्वचितच उच्चारली गेली, पण ती विसरून या चर्चेचा अर्थ लागत नाही.

वादाची सुरुवात अपेक्षेप्रमाणे न्यायाधीशांच्या पक्षावरून झाली आणि तेथेच घोडे पेंड खाऊ लागले. शिक्षिकेच्या मते आदेश अडवणारे न्यायाधीश राज्यघटनेचे राखणदार होते, तर कंत्राटदारांच्या मते ते निवडणूक हरलेल्या पक्षाचे हस्तक होते. प्रत्यक्षात आदेशाला सर्वप्रथम, तीनच दिवसांत, स्थगिती देऊन तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचे सांगणारे सिअॅटलचे न्यायाधीश जॉन कॉफनोर हे रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये नेमलेले होते, आणि पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये देशभरातील अशा बालकांना संरक्षण देणारे जोसेफ लाप्लांट हे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले होते. दोघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या पसंतीचे. हे कळल्यावर कंत्राटदार गप्प झाले नाहीत, त्यांनी मुद्दा बदलला. आणि त्यांचा नवा मुद्दा पहिल्यापेक्षा पुष्कळ वजनदार होता.

एका जिल्हा न्यायाधीशाने, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवरील न्यायाधीशाने, संपूर्ण देशासाठी मनाई हुकूम काढावा का, असा त्यांचा सवाल होता. मनाई हुकूम एरवी दाव्यातील पक्षकारांपुरता असतो. देशव्यापी हुकूम मात्र न्यायालयाची पायरीही न चढलेल्या सर्वांना लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी २०२२ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात, एकाच जिल्हा न्यायाधीशाने देशभराचे धोरण थांबवावे हे योग्य नव्हे, अशा आशयाचे मत मांडले होते, याची कंत्राटदारांनी आठवण करून दिली. त्यावर लेखिकेने कंत्राटदार आणि शिक्षिका या दोघांपुढे एकच प्रश्न ठेवला: आपल्याला नको असलेल्या खटल्यात हाच नियम मान्य होता का? २०१५ मध्ये टेक्सासमधील न्यायाधीशाने ओबामा यांची स्थलांतरितांना दिलासा देणारी योजना २६ राज्यांच्या दाव्यावर देशभर रोखली, तेव्हा कंत्राटदारांना त्यात काही वावगे वाटले नव्हते; आणि २०२३ मध्ये टेक्सासमधीलच अमरिलो येथील न्यायाधीशाने गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन या औषधाची जुनी मान्यता स्थगित केली, तेव्हा ‘एक माणूस सगळ्या देशाचे कसे ठरवतो’ असे शिक्षिकाच संतापून म्हणत होत्या. दोघांनीही हे कबूल केले. तत्त्व सोयीपुरते वापरणे ही एका पक्षाची मक्तेदारी नाही, एवढे त्या दिवशी टेबलावर मान्य झाले, आणि लेखिकेच्या मते खरी चर्चा तेथून पुढे सुरू झाली.

२७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असे देशव्यापी मनाई हुकूम बहुधा न्यायालयांच्या अधिकाराबाहेरचे असल्याचे ठरवले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिला, आणि मतांची विभागणी नेमणाऱ्या पक्षानुसारच झाली. आदेश घटनेला धरून आहे की नाही, याला न्यायालयाने हात घातला नाही. अनेकांनी हा निकाल आदेशावरील शिक्कामोर्तब समजून घेतला, आणि ती तरुणीही त्या आठवड्यात तेच समजून आली होती. छापील प्रतीतील संबंधित परिच्छेद वाचून दाखवल्यावर तिचा जीव थोडा भांड्यात पडला. सामूहिक दाव्याचा, म्हणजे एकाच स्थितीतील सर्वांच्या वतीने काहींनी लढवायच्या दाव्याचा, मार्ग त्या निकालाने मोकळा ठेवला होता, आणि लाप्लांट यांनी १० जुलैला जे संरक्षण दिले ते त्याच मार्गाने. निकालपत्र वाचण्याचा आग्रह लेखिकेला अत्यावश्यक वाटतो तो यासाठी की मथळे वाचून घाबरलेली माणसे तिने जवळून पाहिली आहेत.

मूळ प्रश्न चौदाव्या घटनादुरुस्तीचा होता. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये मंजूर झालेली ही दुरुस्ती अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या प्रत्येक व्यक्तीला नागरिक ठरवते. या शब्दांचा कस एका जुन्या खटल्यात लागला. १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला तेव्हा त्याला उतरू दिले गेले नाही. चिनी मजुरांना मज्जाव करणारा १८८२ चा कायदा तेव्हा लागू होता आणि त्याच्या चिनी आईवडिलांना नागरिक होण्याची मुभाच नव्हती. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो जन्मानेच नागरिक असल्याचा निर्वाळा दिला. कंत्राटदारांनी निकालपत्रात पिवळ्या पेनाने एक ओळ रंगवून आणली होती: वाँगच्या आईवडिलांचे अमेरिकेत कायमचे वास्तव्य होते. तात्पुरत्या परवान्यावरील लोकांचे तसे नाही, हा त्यांचा युक्तिवाद सरकारच्या वकिलांच्याही युक्तिवादाचा कणा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

त्याला उत्तर तरुणीने दिले. वेगमर्यादा ओलांडल्यास आपल्याला दंड अमेरिकेच्या कायद्याने होतो, कर त्याच कायद्याने कापला जातो आणि गुन्हा केल्यास तुरुंगही त्याच कायद्याने मिळेल. मग अधिकारक्षेत्राबाहेर आपण नेमक्या केव्हा असतो, असे तिने विचारले. वाँग निकालाची मांडणी याच दिशेने जाते, कारण त्यात परकीय राजदूतांची मुले, शत्रूने व्यापलेल्या प्रदेशातील शत्रूची मुले आणि आपापल्या जमातीच्या सत्तेखालील मूळ रहिवाशांची मुले असे मोजकेच अपवाद मानले आहेत. अभियंत्यांचा आक्षेप वेगळा होता आणि मराठी घरांत तो बराच ऐकू येतो: भारतानेही १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक नागरिक असण्याची अट घातली आणि डिसेंबर २००४ पासून ती अधिक कडक केली, मग अमेरिकेलाच बोल का? मात्र भारतात हा बदल संसदेने, घटनेनेच तिला दिलेल्या अधिकारात, कायदा करून केला. अमेरिकेत नियम घटनेच्या शब्दांत आहे आणि तो एका सहीने बदलू पाहिला गेला. हा फरक लेखिकेला निर्णायक वाटतो. स्वतः वर्षानुवर्षे रांगेत उभे राहिलेल्यांनी मागच्यांसाठी दार लोटून घ्यावे, याचे तिला मनापासून वाईटही वाटले. १९२३ मध्ये भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारणारा निकाल अमेरिकेच्या याच सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि भारतीयांना ते दार १९४६ च्या कायद्यानेच उघडले, हे तिने तेव्हा स्पष्टपणे सांगितले.

सर्वांत कमी बोलणाऱ्या जन्मनोंदणीच्या बाईंनी एके दिवशी नोंदणीचा नमुना उलगडून दाखवला. त्यात आईवडिलांचे जन्मस्थान, शिक्षण, पत्ता असे रकाने होते, आणि बाळासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, यासाठी एक चौकोन. आईवडिलांच्या परवान्याचा रकाना कुठेच नव्हता. आदेश अमलात आला तर केवळ जन्माचा दाखला नागरिकत्वाच्या पुराव्याला पुरणार नाही, आणि ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या येथे आहेत त्यांनाही बाळासोबत स्वतःचे कागद दाखवावे लागतील, असे त्या म्हणाल्या. कंत्राटदारांनी तो नमुना उचलून बराच वेळ वाचला. ज्यांच्यासाठी नियम कडक करावा असे आपल्याला वाटते त्यांच्यासोबत आपली नातही त्याच खिडकीसमोर उभी राहील, हे आपल्या लक्षात आले नव्हते, असे त्यांनी सांगितले. मत मात्र बदलले नाही, आणि ते बदलावे यासाठी कोणी त्यांच्या मागेही लागले नाही.

५ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या घटनात्मकतेचा मूळ प्रश्न सुनावणीस घेतला. गटाने त्यानंतर वाँग खटल्यातील मुख्य न्यायमूर्ती मेलव्हिल फुलर यांचे बहुमताविरुद्धचे निकालपत्र, म्हणजे आजच्या सरकारच्या बाजूला आधार देणारे जुने लेखन, वाचायला घेतले. तशी मागणी शिक्षिकेने केली होती.